नीनाचा संप

पुरुषोत्तमकाकांच्या टीव्ही रेकॉर्डरमधले एकतीस शुक्रवार मी पुसून टाकले, तेही उपकार करतोय अशा थाटात. इथं इंग्लंडात शुक्रवारी राजकारण्यांची टिंगल करणारा एक कार्यक्रम लागायचा. लेखकांनी संप केला, नवे भाग बंद झाले आणि वाहिनी जुनेच दाखवू लागली. मला वाटलं, शिळ्या मालानं उगाच जागा अडवलीय. बार्शीच्या शाळेत मी कॉम्प्युटरचा मॉनिटर होतो. डिलीट करायचा आत्मविश्वास तेव्हापासूनचा.

काका रागावले नाहीत. नुसते खुर्चीत टेकले. "अरे, त्यात नीना होती," म्हणाले.

नीना ही काकांची मुलगी. पडद्यावर ती कधी दिसायची नाही, विनोद लिहायची. फार्मसी सोडून ती त्यात शिरली तेव्हा काका म्हणाले होते, "ही काय नोकरी आहे?" त्यावर चार वर्षं नुसती दिवाळीची कार्डं. मग काका दर शुक्रवारी कुठला विनोद तिचा असेल ते ओळखत बसायचे आणि मला, म्हणजे वरच्या खोलीतल्या भाडेकरूला, ऐकवायचे, "हा तिचाच! आईचा तिरकेपणा आलाय बघ."

त्यांचा लाडका विनोद आमच्या पोटनिवडणुकीतल्या उमेदवारावर होता. हा अंशुमन जिथं तिथं 'मी गरिबीत वाढलो' सांगायचा. विनोद असा, की बिचाऱ्याच्या घरी दुसरी गाडी एकच होती.

त्या शनिवारी पत्रकं घेऊन अंशुमनच दारात उभा. जन्म इथलाच, लंडनजवळच्या स्लाऊचा; मराठी बेताचं.

"काका, माझा वाट लागला! संपाच्या आधी लोक दार उघडून हसायचे, सेल्फी घ्यायचे. आता विचारतात, पार्सल कुठाय? नेक्स्ट फ्रायडेला मी शोमध्ये गेस्ट होतो. कॅन्सल! लीफलेट कोण वाचतो? नीना रोज स्टुडिओच्या गेटवर उभी असते. तुम्ही सांगा ना तिला!"

"म्हणजे माझ्या पोरीनं लिहिणं थांबवलं आणि तुझं इलेक्शन अडलं?"

"अडलं काय, बुडला!"

काका एकदम ताठ झाले. तरुणपणी इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात त्यांनीही अकरा आठवडे संप केला होता.

"आपण थांबलो की दुसऱ्याचं अडतं, ती खरी नोकरी," ते मला म्हणाले. "भाजणी काढ."

"काका, मत?" अंशुमननं विचारलं.

"बघू. तूर्त कांदा चीर."

दुपारच्या ट्रेननं आम्ही लंडन गाठलं. गेटवर नीना फलक धरून उभी होती. काकांनी थालीपिठांचा डबा पुढे केला.

"खाऊन घे. संपात पहिली हरवते ती भूक."

"बाबा, तू इथे?"

"दर शुक्रवारी बघायचो हं मी. तो दुसऱ्या गाडीचा फक्कड होता."

"तो आमच्या टीममधल्या समरनी लिहिला."

"बरं, तो छत्रीवाल्या मंत्र्याचा?"

"तो पण समर."

मी फलकावरची अक्षरं फार मन लावून वाचू लागलो.

"माझा वेगळा होता," नीना म्हणाली. "एक म्हातारा दर रविवारी फोन चार्ज करून समोर ठेवतो. स्वतः करत नाही. बिल मुलीला पडावं म्हणून."

तो विनोद लागला त्या शुक्रवारी 'यात हसण्यासारखं काय आहे?' म्हणून काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता; मी साक्षीदार.

"हसलास का रे, बाबा?"

काकांनी तोंड उघडलं. हसू काही फुटेना, नाक तेवढं लाल झालं. इतक्यात कुणीतरी भोंगा फुंकला, घोषणा सुरू झाल्या आणि नीना डबा काखेत मारून रांगेत गेली.

परतताना ट्रेनमध्ये काका माझ्याकडे वळले.

"एक हसणं देणं लागतो मी तिचं," म्हणाले.

"मग घरी गेल्यावर फोनवर देऊन टाका की."

"देईन ना," काका म्हणाले. "तिनं केला, तर."