टँकरचं पाणी आणि आमच्या नसीम आपा

आज सकाळी नसीम आपा गेल्या.

शनिवार. अकराला एका कॉलेजात नव्या ग्रॅज्युएट मुलांसमोर ‘लीडरशिप आणि मूल्यं’ या विषयावर बोलायचं होतं. निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात आपांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेल्या.

दुपारच्या नमाजनंतर शहागंजातल्या घरून जनाजा निघाला. बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी आपांच्या मुलीजवळ बसून राहिले.

कॉलेजला सकाळीच फोनवर कळवलं होतं, मयत झालीय, येता येणार नाही.

“कोण गेलं मॅडम? घरातलं कुणी?”

“आमच्या होस्टेलच्या रेक्टर होत्या.”

“अच्छा... ठीक आहे मॅडम, बघतो आम्ही दुसरं कुणी.”

त्या मुलांना जे सांगणार होते ते इथंच लिहिते. तसंही मला बोलण्यापेक्षा हे बरं.

मी सोयगावहून डिग्रीसाठी या शहरात आले तेव्हा आपा आमच्या मुलींच्या होस्टेलवर रेक्टर होत्या. पाण्याची तेव्हाही बोंबच. उन्हाळ्यात सगळी भिस्त टँकरवर. टँकर आला की पाणी कुठं, किती सोडायचं ते एका मुलीनं बघायचं, ही आपांची पद्धत. सेकंड इयरला त्यांनी मला निवडलं.

“आपा, मला चारचौघींत बोलता येत नाही.”

“पाणी सोडायचंय बेटा. भाषण नाय द्यायचं.”

मे महिना. परीक्षा चालू. एका दुपारी टँकर आला तेव्हा आपा बाजारात गेल्या होत्या. मागच्या गल्लीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन गेटशी उभ्या होत्या.

त्यातली एक म्हणाली, “पोरी, तुमची आंघोळ राहिली तर नुसता वास येईल. आमची चूलच पेटली नाय सकाळपासून.”

मी पाइप त्यांच्याकडं वळवला.

संध्याकाळी होस्टेलची टाकी कोरडी. फायनल इयरची सुमनताई, देवगाव रंगारीची, बादली आपटत खाली आली.

“कुणाच्या बापाचं पाणी वाटलंस गं? डोक्याला तेल चोपडून बसलेय मी! उद्या पेपरला अशीच जाऊ?”

कुणीतरी वर तक्रार केली. दुसऱ्या दिवशी संस्थेचे सेक्रेटरी आले. सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं.

“पाणी कुणी दिलं?”

बाबांनी घरून निघतानाच सांगितलं होतं, एक तक्रार आली की परत आणीन. स्थळ बघून ठेवलेलं होतं. परत गेले असते तर कॉलेज तिथंच संपलं असतं.

मी तोंड उघडायच्या आत आपा म्हणाल्या, “मी सांगितलं होतं.”

त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या तिथं नव्हत्याच.

“रेक्टर म्हणून ठेवलंय तुम्हाला. धर्मशाळा चालवायला नाही.” सगळ्या मुलींसमोर.

“जी,” आपा म्हणाल्या. बस.

नंतर स्वयंपाकघरात मी रडत त्यांना विचारलं, “आपा, तुम्ही खोटं का बोललात?”

“खोटं कसं? पाणी तुझ्या हातात मी दिलं. मग तू ते कुणाला दिलंस, तेही माझंच. बाहेर मी उभी राहणार. आत आल्यावर रागावणार.”

“मग रागवा.”

“रागावतेच. दिलंस ते बरं केलंस. पण वरच्या पोरींना विचारलं का नाय? पाणी त्यांचं होतं. विचारलं असतंस तर त्याही हो म्हणाल्या असत्या. चांगलं व्हायचा चान्स सगळा तू एकटीनंच घेतलास.”

हे वाक्य मी आजवर कुठल्या ट्रेनिंगमध्ये ऐकलं नाही.

रात्री जेवताना त्यांनी मला मेसमध्ये उभं केलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या जणींसमोर बोलले. म्हणाले, पाणी मी दिलं, आपांनी सांगितलं नव्हतं. उद्या परत टँकर आहे, गल्लीतल्या बायका येतील. द्यायचं का?

सुमनताई उठली.

“आधी आमच्या बादल्या भर. मग दे. आणि मी येते पाइप धरायला. तुझ्या हातात जोर तरी आहे का? काडी कुठली!”

सगळ्या हसल्या. मी पण.

जुलैत होस्टेल उघडलं तेव्हा तिथं दुसऱ्या रेक्टर होत्या.

मी पत्ता शोधत शहागंजात गेले. आपा घरी शिकवणी घेत होत्या. मुलं बाहेर गेल्यावर मी म्हणाले, “आपा, माझ्यामुळं तुमची नोकरी गेली.”

“तुझ्यामुळं नाय. मी बोलले, माझी गेली. तेवढं तरी माझ्याकडं राहू दे की! सगळं तूच घेतेस होय गं?”

मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “थर्ड इयर ना तुझं? या वेळेला इथं काय करतेस? जा, लेक्चर बुडेल.”

मी ग्रॅज्युएट झाले. नोकरी लागली. आज एक ऑफिस सांभाळते. दरवर्षी नवी मुलं येतात, हुशार असतात, घाबरलेली असतात. त्यांच्या हातून काही बिघडलं की साहेबांसमोर मी उभी राहते. मग दार लावून रागावते. दरवेळी जमलं असं नाही. साहेब चिडलेले असले की अजूनही कधीकधी केबिनच्या दारातून परत फिरते.

आपांना हे कधी सांगितलं नाही. ईदला जायचे, शीरखुर्मा प्यायचे, यायचे. त्या विचारायच्या, “ऑफिस कसंय?” मी म्हणायचे, “बरंय.”

आज त्यांच्या मुलीनं सांगितलं, “अम्मी म्हणायची, ती बोलत नाय, पण तिच्या हाताखालची पोरं टिकतात.”

त्यांना कुठून कळलं, माहीत नाही.

आपा, आता आराम करा. अल्लाह तुम्हाला चांगली जागा देवो. तुमच्या होस्टेलच्या सगळ्या मुलींकडून सलाम.

संध्याकाळी घरी आले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. कुकर लावला, वरणभात खाल्ला. ताट घासून पालथं घातलं.