सफारीची रंगीत तालीम

शहर बससेवेच्या डेपोत वेळापत्रकाचा स्वतंत्र विभाग होता. विभाग म्हणजे एक टेबल, आणि एकतीस वर्षं त्या टेबलामागे एकच माणूस. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी यायची, हे तिथे ठरायचं. ड्रायव्हर त्यांना मिनिटकाका म्हणायचे, तोंडावरसुद्धा. काकांना त्यात वावगं काही वाटायचं नाही.

नवा मार्ग सुरू व्हायच्या आधी काका स्वतः रिकाम्या बसमध्ये बसून त्या रस्त्यावर तीन फेऱ्या मारायचे. मांडीवर पॅड, हातात घड्याळ. साहेब म्हणायचे, नकाशा आहे की समोर. काकांचं उत्तर ठरलेलं: "नकाशावर बस कधी लेट होत नाही."

निवृत्तीनंतर वेळापत्रक करायला त्यांच्याकडे फक्त घर उरलं. घराने काही वर्षं ते सहन केलं. मग एक दिवस नऊ वर्षांच्या नातीने शाळेच्या वाचनालयातून एक पुस्तक आणलं. त्यात आफ्रिकेतल्या एका शहराचा फोटो होता. शहर जिथे संपतं तिथेच अभयारण्य सुरू होतं. पुढे जिराफ उभा आणि त्याच्या मानेमागे वीस-वीस मजली इमारती. "आजोबा, तिथे बस जाते का?" तिने विचारलं. बस जात नव्हती. विमान जात होतं, एकदा बदलून. काकांनी पॅड काढलं.

तीन आठवड्यांत अकरा पानी योजना तयार झाली. कुठली लस कुणाला कधी, कुठली बॅग कोण उचलणार, विमान बदलताना कुणाचा हात कुणी धरायचा. मुलाने वाचून "बाबा, तुम्ही म्हणाल तसं" म्हटलं. तो जन्मापासून तसंच म्हणत आला होता. आजींनी चष्मा लावून चौथं पान पाहिलं. "पाच चाळीसला सगळे अंघोळ करून तयार," त्यांनी वाचलं. "मोरी एक आणि माणसं सहा. हे गणित सिंहाला सोडवायला सांगा."

खरी हरकत सुनेची होती. ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांची मदतनीस. लहान मुलाला खुर्चीत बसवून ठेवणं किती अवघड असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि तिचा स्वतःचा धाकटा चार वर्षांचा होता. घरात त्याला भुंगा म्हणत.

"सहाव्या पानावर लिहिलंय, अभयारण्यात साडेतीन तास गाडीतच बसायचं, उतरायला बंदी," ती म्हणाली. "बाबा, हा जेवायला सात मिनिटं बसत नाही. दार उघडून हा सिंहाकडे निघाला तर? नाहीतर दोन वर्षांनी जाऊ. मोठा होऊ दे जरा."

काका सहासष्ट वर्षांचे होते. दोन वर्षं हे शब्द सुनेने सहज उच्चारले, पण त्यांनी ते तसे ऐकले नाहीत.

"तालीम घेऊ," ते म्हणाले. "भुंगा बसला तर जायचं. नाही बसला तर तू म्हणशील ते."

शाळेची मुलं नेणारा व्हॅनवाला पूर्वी डेपोतच ड्रायव्हर होता. रविवारी पहाटे तो दारात हजर झाला. "कुठे जायचं, काका?"

"कुठेही नाही. साडेतीन तास."

व्हॅनवाल्याने डेपोत दिवस काढले होते. पुढे काही न विचारता त्याने गाडी सुरू केली.

नियम वाचून दाखवण्यात आले. उतरायचं नाही, हात बाहेर नाही, आरडाओरडा नाही. गाडी शहराबाहेरच्या वळणरस्त्याला लागली. गोदामं, दगडाची खाण, पाणी शुद्ध करायचं केंद्र, पुन्हा गोदामं. नात वहीत नोंद करत होती: कुत्री अकरा, म्हशी चार, भिंतीवर चढलेली शेळी एक. भुंग्याच्या गळ्यात दुर्बीण होती. अर्धवट बांधलेल्या इमारतीवरची क्रेन पाहून त्याने हलक्या आवाजात "जिराफ" असं जाहीर केलं, आणि मग प्रत्येक क्रेनला जिराफ म्हणत तो काचेला नाक चिकटवून बसला. सून घड्याळाकडे बघायची, मग त्याच्याकडे. त्याने वीस मिनिटं झोप काढली, उठला, परत काचेला नाक.

दोन तास झाले तेव्हा काकांनी पायावर पाय टाकला. थोड्या वेळाने दुसरा पाय पहिल्यावर.

आजींना कळलं. गेली दोन वर्षं काका लांबच्या लग्नाला, लांबच्या बाजारात का जात नाहीत, हे घरात फक्त त्यांना माहीत होतं. "उतरा," त्या म्हणाल्या.

"नियम आहे."

"हट्ट करू नका."

"समोर सिंह असता तर?"

"सिंह नाहीये. पेट्रोल पंप आहे."

दोन तास चौदा मिनिटांनी काका पेट्रोल पंपावर उतरले. पन्नास मिनिटांनी पुन्हा एकदा, एका टायरच्या दुकानामागे. बाकी कुणी जागचं हललं नाही.

घरी आल्यावर त्यांनी निकाल लिहिला. प्रवासी सहा, उत्तीर्ण पाच. मग योजनेच्या पहिल्या पानावरच्या प्रवाशांच्या यादीतल्या स्वतःच्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली.

"काहीतरीच काय, बाबा," मुलगा म्हणाला.

"तालीम मीच ठेवली. भुंगा नापास झाला असता तर त्याला सूट दिली असती का?"

भुंगा आत गेला आणि स्वतःचं प्लॅस्टिकचं शीचं भांडं घेऊन आला. "आजोबांना हे द्या. गाडीत मावतं." आजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. काका हसले नाहीत, पण भांडं त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि खुर्चीजवळ नीट ठेवलं.

मंगळवारी सून कामावरून आली आणि पर्ससकट काकांसमोर बसली. "डेपोत ड्रायव्हरला सलग किती वेळ चालवायला लावायचात?"

"दोन तास. पुढे नाही."

"का?"

"माणूस आहे तो."

सुनेने फोन पुढे केला. त्या शहरातल्या सफारीवाल्याला तिने पत्र पाठवलं होतं. त्याचं उत्तर आलं होतं. आत दोन ठिकाणी उतरायची परवानगी आहे, पहारा असतो, स्वच्छतागृह आहे, गाडी हवी तर तासाभरात पहिल्या ठिकाणी नेतो. "सहावं पान चुकलंय," ती म्हणाली. "तुम्ही नियम अर्धाच वाचलात. आणि उद्या डॉक्टरांकडे जायचं, मी नंबर लावलाय. आईंकडून कळलं, दोन वर्षं कुणाला सांगितलं नाहीत; ते तिथे सांगा."

काकांनी उत्तर तीनदा वाचलं. "तासाभरात म्हणजे नक्की किती?"

"ते तुम्ही विचारा. मला बाकी कामं आहेत."

बुधवारी काका डॉक्टरांकडे गेले आणि गोळ्या घेऊन आले. पुढच्या रविवारी दुसरी तालीम झाली. या वेळी एकट्या काकांची परीक्षा होती आणि घड्याळ नातीच्या हातात होतं. ती वाटेवरच्या कुत्र्यांकडेसुद्धा बघत नव्हती. एक तास पाच मिनिटांनी तिने थांबा जाहीर केला. काका उतरले. त्यांच्यामागून आजी उतरल्या, मग मुलगा, मग सून, आणि शेवटी गाडी बंद करून व्हॅनवालाही. गरज मागच्या रविवारीही सगळ्यांनाच होती; कुणी बोललं नव्हतं, इतकंच.

परत आल्यावर सहा तिकिटं काढली गेली.