चावून दिलेला घास

ज्या महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते, तिथल्या कपाटात एका जबड्याचा प्लास्टरचा नमुना आहे. मूळ हाड अठरा लाख वर्षांपूर्वीच्या माणसाचं, आपल्या फार जुन्या पूर्वजांपैकी एकाचं. हे लोक अंगाने लहानखुरे होते. डोकं आपल्याहून बरंच छोटं, भुवयांचं हाड पुढे आलेलं, पाय मात्र आपल्यासारखे, दूर चालणाऱ्याचे. दगडाच्या कपच्यांनी ते मांस सोडवायचे, हाडांच्या नळ्या फोडून आतला गर खायचे. या एकाचा सुळा तेवढा उरला होता. बाकी सगळे दात गेलेले आणि त्यांच्या खाचा हाडाने भरून आलेल्या. खाचा अशा भरायला वर्षं लागतात. म्हणजे दात गेल्यावरही तो बराच काळ जगला.

हे मी दरवर्षी शिकवते. आबांना एकदाच सांगितलं.

आबा, माझे वडील, मेंढपाळ होते. आई आणि ते ऊन डोक्यावर घेऊन कळपामागे चालत राहिले, म्हणून मी सावलीत बसून शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले. आबांना तोंडाचा कर्करोग झाला तेव्हा उपचारांआधी डॉक्टरांनी त्यांचे सगळे दात काढले. उपचार संपल्यावर ते सोलापुरात माझ्या घरी राहीनात. वैरागच्या बाजूला एका शेतात खतासाठी आमच्या मेंढ्या बसवल्या होत्या, तिथेच जायचं म्हणाले.

मी रविवारी जायची. आई हुलग्याचं माडगं करून द्यायची. दोन घोट घेऊन ते वाटी बाजूला सारायचे. अंगावर नुसती कातडी राहिली होती. एकदा मी चिडले, तेव्हा त्यांनी शेजारची मेंढी धरली आणि तिचा खालचा ओठ ओढून दाखवला.

"हिचं दात गेल्यात. पावसाच्या आत बाजार. चरता येत न्हाय, तिला कळपात कशाला ठिवायची? तुला ठावं हाय की."

मग मी त्यांना त्या माणसाचं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"आन् त्याला चावून कोन देत हुतं?"

मी खरं तेच बोलले. हाडावरून तेवढं कळत नाही. मऊ गर खाऊन राहिला असेल, कुणी ठेचून किंवा चावून दिलंही असेल. आई चुलीपाशी होती. तिने त्यातलं चावून देणं तेवढं धरून ठेवलं. शिकलेली लेक सांगते, म्हणजे हा औषधोपचारच, असं तिला वाटलं.

पुढच्या रविवारी गेले तर ती आबांसमोर बसून मटणाचा तुकडा चावत होती. चावून झाल्यावर तो बोटांवर काढून तिने पुढे धरला. आमच्यात बाई नवऱ्याच्या ताटात मागून जेवते. लग्न झाल्यापासून आईने त्यांचं उष्टं खाल्लं होतं. आबांनी मान फिरवली, लोक बघतील असं काहीतरी पुटपुटले.

"मेंढरं बगत्यात फकस्त. घ्या," आई म्हणाली.

ते हसले. मला पलीकडे तोंड करायला सांगून त्यांनी घास घेतला.

उन्हाळाभर ते तसे जेवले. गालांवर थोडं मांस आलं. ती मेंढी मात्र ठरल्याप्रमाणे बाजारात गेली.

मग गाठ पुन्हा आली. शेवटच्या दिवशी सकाळी आईने भाकरीचा घास चावून पुढे केला, तर त्यांनी ओठ मिटले. तिने जरा थांबून पुन्हा हात नेला. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि हळूच तिच्याच तोंडाकडे वळवलं.

"तू खा," म्हणाले.

दुपारी ते गेले.

आई आता माझ्याकडे असते. तिचे दात अजून चांगले आहेत. जेवताना ती घास चावते, चावतच राहते, आणि तोंडात धरून बसते. गिळ गं आई, असं मला सांगावं लागतं.