निलिमाची शीळ

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असत. कामतघरची आमची चाळ त्या दिवशी उशिरापर्यंत झोपायची, पण बाबा मला अंधारातच उठवत. पहिली एसटी धरून आम्ही अकलोलीला जायचो. लोक गरम कुंडांकडे वळत, आम्ही दोघं नदीकाठच्या झाडीत शिरायचो. बाबांच्या गळ्यात जुना रोलचा कॅमेरा. मी तेव्हा कॉलेजात होते.

वर्षानुवर्षं लूमच्या खडखडाटात कापड विणून बाबांचे कान गेले होते. मोठ्यानं बोललेलं थोडंफार कळायचं, पण बारीक पाखरांचा आवाज मुळीच नाही. नजर मात्र तीक्ष्ण. म्हणून ऐकायचं काम माझं. आवाज आला की मी त्यांची हनुवटी धरून त्या बाजूला वळवायची. मग पानाआडचा शिंजीर त्यांना बरोबर सापडायचा.

थंडीतल्या एका सकाळी फांदीवर निलिमा गात होती. चिमणीएवढीच, पाठ निळी, छाती नारिंगी. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "कशी बोलतेय गं बाय? मला दाखव."

आवाज दाखवायचा कसा? मी ओठांचा चंबू करून हळूच तिच्यासारखी शीळ घातली. निलिमा गप्प झाली. मग एक फांदी खाली उतरून मलाच उत्तर देऊ लागली. बाबा घडीत तिच्या चोचीकडे बघत, घडीत माझ्या ओठांकडे. त्यांचे डोळे भरून आले होते. तशातच त्यांनी बटण दाबलं.

रोल धुऊन आला, तर त्या फोटोत मीच होते.

"यात पाखरू कुठाय?" आईनं विचारलं.

"हाय की," बाबा म्हणाले आणि फोटो खिशात ठेवला.

पुढे लग्न होऊन मी सोलापूरला आले. फोनवर बाबांशी बोलता येत नाही, आई मध्ये राहून निरोप देते-घेते. एकदा मी विचारलं, "बाबा अजून अकलोलीला जातात का?"

"जातात, एकटेच. रिकामे परत येतात. म्हनतात, झाडं दिसतात, पन कुठं बघायचं त्ये कळत न्हाय."

मागून बाबांचा मोठा आवाज आला, "कधी येतेय, इचार तिला."

"दिवाळीला," मी म्हणाले. आईनं ते ओरडून सांगितलं. त्यांना पुन्हा सांगावं लागलं. मी फोन कानाला तसाच धरून उभी होते.