अभया दाराशी उभी आहे

विघ्ने दूर करणाऱ्या गजाननाला आणि वाणीची अधिष्ठात्री असलेल्या शारदेला वंदन करून हा लेख आरंभीत आहे. निमित्त शोकाचे आहे. माझी भाची पद्मजा हिचे पहिले मासिक श्राद्ध नुकतेच झाले. तिच्याविषयी लिहावे असे मनात होते, पण लेखणी हाती घेतली की पहिल्यांदा शोक येत नाही, भीती येते. तिच्या सहवासातले शेवटचे वर्ष आम्ही सर्वांनी भीतच घालवले, आणि नवल असे की त्या भीतीत आनंदही होता.

ती गेली त्या दिवशी सकाळची संध्या आटोपून मी आसन गुंडाळीत असताना दूरध्वनी वाजला. पलीकडे पद्मजाचे यजमान श्रीकांतराव होते. "मामा..." एवढेच म्हणाले. पुढचे शब्द येईनात. रुग्णालयाच्या मार्गिकेत चाकांची खाट जात असल्याचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू येत होता. मी "येतो" म्हणालो. पद्मजाची शस्त्रक्रिया आदल्या दिवशी झाली होती आणि रात्री सर्व ठीक असल्याचा निरोप होता, म्हणून त्या पहाटे प्रथमच मी निर्भयपणे अर्घ्य दिले होते.

पद्मजा बंगळुरात के. आर. पुरम स्टेशनाजवळ राहत असे. संगणकासाठी आज्ञावल्या लिहिण्याची तिची नोकरी. शनिवारी दुपारी तिच्या बाहेरच्या खोलीत मी पुराण सांगत असे. ऐकायला बंगळूरच्या जुन्या मराठी घरांतली आम्हीच काही वृद्ध मंडळी. पूर्वजांनी तीन शतकांपूर्वी इकडे येताना मराठी आणली आणि आम्ही तिच्यात कानडी मिसळून ती जपली. त्यांत सरसक्का या सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत स्पष्टवक्त्या. मोतीबिंदू काढल्यामुळे मला काही आठवडे वाचन वर्ज्य झाले, तेव्हा पद्मजा म्हणाली, "मामा, तोवर मी वाचते. पुराण नाही जमायचं मला. माझ्या खेळाची हकीकत वाचते."

हा खेळ तिच्या एका सहकाऱ्याने परदेशातून आणला होता. संगणकाच्या पडद्यावर एक काल्पनिक पृथ्वी, तिच्यावर अनेक राज्ये, प्रत्येकाचा एक देव, शेकडो मंत्र, सैन्ये, किल्ले. एक फेरी म्हणजे त्या पृथ्वीवरचा एक महिना. खेळणाऱ्याने आज्ञा द्यायच्या, मग यंत्र विचार करून त्या महिन्यात काय घडले ते सांगते. पद्मजाचे राज्य डोंगराळ, अरण्यांचे, आणि त्याचा देव निद्रिस्त. शत्रू भूमीखालचा राजा. त्याच्या सैन्याची भरती वेगळ्याच रीतीने होई. तुमचा जो वीर पडला, तो काही महिन्यांनी त्याच्या बाजूने उभा राही.

पहिली हकीकत फसली. कोणते प्रांत घेतले, किती धनुर्धर ठेवले, कोणता मंत्र कोणत्या मंत्रानंतर सिद्ध झाला, हे तिने अत्यंत प्रामाणिकपणे वाचले. सरसक्का डुलक्या घेऊ लागल्या आणि मध्येच जाग्या होऊन म्हणाल्या, "छान छान. कॉफी ठेवतेस का आता?"

सगळे गेल्यावर पद्मजा हिरमुसून बसली. मी तिला म्हटले, "पौराणिकाला सैन्याची मोजदाद सांगून चालत नाही. तू जिंकलीस हे ऐकायला कोणी बसत नाही. तिथे कोण राहतो आणि त्याला कशाचे भय वाटते, तेवढे सांग. भय हा स्थायी भाव आहे. तो मनात आधीच असतो, आपण फक्त हाक मारायची."

"आणि एक फेरी बिघडली तर? मागे जपून ठेवलेला डाव उघडून पुन्हा खेळता येतं, मामा."

"मग भय कशाचे?"

ती हसली. त्या दिवसापासून तिने नियम केला की मागचा डाव उघडायचा नाही. गेला तो गेला. पुढच्या शनिवारी तिने देवापुढे बसून, हातावर पाणी घेऊन, थट्टेत नव्हे तर खरोखर, ही हकीकत शेवटापर्यंत सांगण्याचा संकल्प सोडला. मग वाचले.

"पलीकडच्या तीरावर आज दिवे लागले नाहीत. नावाड्याने दोर सोडला नाही. प्रधान म्हणाला, नाव ने, आपली माणसे तिकडे अडकली आहेत. नावाडी म्हणाला, हाका मलाही ऐकू येताहेत, पण हाका मारणारी माणसे श्वास कधी घेतात... एवढे ऐका आणि मग मला सांगा."

खोलीत कोणी हलले नाही. बाहेर स्टेशनात गाडी शिरली तिचा खडखडाट झाला, तर दोघी दचकल्या. हा एका आठवड्याच्या खेळातला एक प्रांत हातचा गेल्याचा वृत्तांत होता. पडद्यावर तेवढेच, एक ओळ. नावाडी तिचा.

माझे डोळे बरे झाले, पुराणही सुरू झाले. परंतु ते आता अर्ध्या तासावर आले होते आणि त्या अर्ध्या तासातही लोकांची दृष्टी घड्याळाकडे असे. मला वाईट वाटले नाही. मीही पाहतच होतो.

श्रोते हळूहळू त्या राज्याचे प्रजाजन झाले. कोणाच्या सांगण्यावरून वेशीवर गस्त वाढे, कोणी शेतकऱ्यांचा सारा माफ करवून घेई. सरसक्कांनी हट्ट धरला की एका मांत्रिकाला त्यांच्या दिवंगत यजमानांचे नाव द्यावे. पद्मजाने दिले. मांत्रिक पराक्रमी निघाला आणि पावसाळ्यातल्या एका शनिवारी खिंडीत पडला. सरसक्का न बोलता उठल्या, घरी गेल्या आणि डोक्यावरून स्नान करून उपाशी राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची सून मला विचारायला आली, "मामा, हे सूतक किती दिवसांचं धरायचं?" मी गंभीरपणे सांगितले की या लोकीचे नसल्यामुळे स्नानाने निवृत्ती झाली. पुढे तोच मांत्रिक शत्रूच्या बाजूने चालून आला, तेव्हा मात्र सरसक्का कडाडल्या, "शक्य नाही! आमचे हे असं कधीच करणार नाहीत! लिहिण्यात काही चुकलंय तुझं!"

"अक्का, मी नाही लिहिलं. यंत्रानं सांगितलं."

"मग त्या यंत्राला सांग, पेन्शनीत निघालेला माणूस तो. भाजी आणायला पाठवलं तरी मला विचारून जायचा!"

सर्वजण हसलो. मेलेले ओळखीचे चेहरे घेऊन परत येतात, ही कल्पना मात्र घरी जाताना मनातून जाईना. मी नियम घातला की यापुढे नावे माणसांची नकोत. नव्या सेनानीचे नाव मीच सुचवले, अभया.

पद्मजाच्या वाचनाची कीर्ती तिच्या थांबण्यात होती. ऐन वाक्याच्या मध्यावर ती थांबे... इतकी, की ऐकणाऱ्याच्या जिवाचे पाणी व्हावे, आणि मग उरलेले चार शब्द हलकेच ठेवी. सरसक्का म्हणत, "काय थांबतेस गं! स्वल्प दया कर, म्हाताऱ्यांची हृदयं आहेत ही." पद्मजा हसे. म्हातारी हृदये ठीकच होती. लहानपणीच्या सांधेतापाने तिच्या हृदयाची झडप आकसली होती आणि एका दमात एक वाक्य आता तिला पुरे करता येत नसे. हे तिला, श्रीकांतरावांना आणि मला ठाऊक होते. इतर ज्याला कला समजत, त्या प्रत्येक विरामात आम्ही दोघे तिच्या गळ्याच्या खळगीकडे पाहत असू. ती आत जाई, बाहेर येई. कथेतली भीती आणि ही भीती मी वेगळी ठेवू शकत नसे. अभया संकटात सापडली की मी घरी येऊन मृत्युंजयाचा जप करी.

डॉक्टरांनी झडप बदलायला सांगितले होते. पद्मजा दिवस पुढे ढकलीत होती. इकडे अभया भूमीखालच्या दुर्गाच्या दाराशी पोहोचली. आत निद्रिस्त देवाला जागविणारा दीप होता. आजवर आत गेलेला प्रत्येक जण शत्रूचा होऊन बाहेर आला होता. बाहेर थांबावे तर छावणीत रोग पसरत होता. त्या शनिवारी ती वाचता वाचता थांबली आणि पुढचे वाक्य आलेच नाही. सरसक्कांनी हातातला पेला खाली ठेवला. मला वाटते, त्या क्षणी त्यांना सगळे कळले. त्या एवढेच म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. पुढचं पुढच्या वेळी. आम्ही कुठं पळत नाही."

रुग्णालयात जाण्याच्या आदल्या सायंकाळी मी तिच्याकडे गेलो. संगणकावर तिने स्वतः भरलेल्या कशिद्याचे आच्छादन घातले होते. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "मामा, तुमच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. तुम्ही आम्हा दोघींना एकच करून टाकलंय."

मी आच्छादनाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"ती वेगळी, मी वेगळी. ती दाराशीच थांबेल. मी आत जाऊन येते, मग तिचं ठरवीन. तोवर कोणी हात लावायचा नाही."

"तुला भय वाटते का गं?"

"खूप." ती थांबली... "पण तुम्हीच म्हणालात ना, मागचा डाव उघडता येत असेल तर भय कशाचं? आणि मामा, भीती वाटते तोवर ऐकणारे उठून जात नाहीत, हे मी शिकलेय."

ती गेल्यानंतरचा शनिवार सुतकात आला. कोणी येईल असे वाटले नव्हते. परंतु नेहमीच्या वेळी पायऱ्यांवर चपलांचा आवाज झाला. सर्वजण होते. सरसक्का उंबऱ्याबाहेरूनच मला म्हणाल्या, "अण्णा, एका गोष्टीतल्या मांत्रिकासाठी मी न्हायले होते, तेव्हा सूतक मला कळतं. पण तिनं हातावर पाणी सोडलं होतं. ते अर्ध्यावर राहिलं तर तिला शांती मिळेल का? मला भीती वाटते."

श्रीकांतराव भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "मामा, हात लावू नका म्हणाली होती."

दोघांचेही खरे होते. आरंभ झालेल्या व्रताला सूतक लागत नाही, असे शास्त्र आहे. पण पुढची फेरी खेळण्याचा अधिकार कोणाचाच नव्हता. मी तिथेच उभ्याउभ्या पुष्कळ विचार केला. पोथी संपविताना पहिल्या अध्यायाच्या ओळी पुन्हा वाचण्याची आपली रीत आहे. वाचन थांबू नये, वर्तुळ व्हावे, म्हणून. मी श्रीकांतरावांना तिच्या हकीकतींचे पहिले कागद आणायला सांगितले. आच्छादनाला कोणी हात लावला नाही. मी माझ्या पौराणिकाच्या आसनावर बसलो आणि नावाड्यापासून आरंभ केला.

मला वाटले होते, ऐकलेले पुन्हा ऐकताना भय उरणार नाही. ते वाढले. कोण पडणार, कोण परत येणार, हे आता सर्वांना ठाऊक होते. माझा स्वर बरा होता, दमही शाबूत, आणि मी नावाड्याचे ते वाक्य सरळ वाचून पुढे गेलो. सरसक्कांनी हात वर केला.

"अण्णा, इथं ती थांबायची."

कागदावर तिथे काहीच खूण नव्हती. मी मागे जाऊन पुन्हा वाचले, "पण हाका मारणारी माणसे श्वास कधी घेतात..." आणि थांबलो. खोली थांबली. तिला जितका वेळ लागे तितका वेळ कोणी हूं की चूं केले नाही. श्रीकांतरावांनी डोळे मिटले होते आणि त्यांची छाती एकदा भरून हलकेच खाली गेली. मग सरसक्कांनी मान हलविली आणि मी उरलेले शब्द वाचले.

तेव्हापासून दर शनिवारी असेच चालले आहे. तिचे विराम आता सर्वांना पाठ आहेत. मी चुकलो तर सांगणारे पुष्कळ. हळूहळू आम्ही, अभया थांबली आहे त्या दाराकडे चाललो आहोत. तिथे पोहोचलो की काय करायचे, हे मला कळत नाही आणि त्याचे भय वाटते. परंतु अजून एकही जण उठून गेलेला नाही.

वाचकहो, ज्या घरात हे पान उघडले जाईल, त्या घरातल्या प्रत्येकाचा श्वास सुखाने आत जावो आणि सुखाने बाहेर येवो. कोणी एखाद्या दाराशी उभे असेल, तर आत त्याच्यासाठी दीप तेवत असो, आणि बाहेर वाट पाहणाऱ्यांना परमेश्वर बळ देवो.