निषेधाखाली शुभेच्छुक

आधी बाईंचं सांगतो, झालं काय ते मागून. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंनी माझी नोकरी वाचवली, आणि डोक्यावरचं छतही, कारण मी दुकानाच्याच माळ्यावर राहतो. गाव पार किनवटच्या पलीकडं, नववीत शाळा सोडलेली. तिशी आली तरी औरंगपुऱ्यातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो.

बाई आणि त्यांच्यासोबतची सात-आठ माणसं दर शनिवारी संध्याकाळी क्रांती चौकात फलक धरून उभी राहतात. एका परक्या देशाची फौज स्वतःच्याच लोकांची गावं जाळते, आणि तिचे अधिकारी प्रशिक्षणाला आपल्याकडं येतात. ते बंद करा, एवढंच त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी विचारलं, "तो देश कुठं आला?" त्यांनी माझ्या चहाच्या कपाशेजारी बोटानं नकाशा काढून दाखवला. नववीनंतर मला असं कुणी शिकवलं नव्हतं.

माझ्या हातून घोळ झाला त्या आठवड्यात निवडणूक तोंडावर होती. दिवसभर वाढदिवसांचे फ्लेक्स. बाईंनी मजकूर पाठवला. सोबत, फ्लेक्स केवढा हवा ते कळावं म्हणून मागच्या शनिवारचा फोटो, आणि कोण कुठं उभं राहणार त्याची यादी. माझा हात सवयीनं चालला. वर मजकूर सोनेरी अक्षरांत, खाली एकेकाचा चेहरा कापून गोल फोटो, त्याखाली नाव, आणि त्या चेहऱ्यांच्या वर ठळक 'शुभेच्छुक'. प्रूफ न पाठवताच छापून मोकळा झालो.

चौकात मीच सायकलवरून गुंडाळी नेली. दोघांनी टोकं धरून उलगडली, आणि सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्यानं मोठ्यानं वाचलं, "गावं जाळणाऱ्या फौजेला शिकवू नका. शुभेच्छुक!"

अख्खा सिग्नल हसला. सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर नेहमी स्कार्फ बांधून मागं उभ्या राहायच्या. फ्लेक्सवर त्यांचे नुसते डोळे दिसत होते आणि खाली पूर्ण नाव. "अहो दादा," त्या म्हणाल्या, "मग मी तोंड बांधलं कशाला?"

बाईंनी पर्समधली छोटी कात्री काढली, खालची अख्खी पट्टी कापली, घडी करून पर्समध्ये ठेवली. म्हणाल्या, "वरचं बरोबर आहे. चला, उभं राहा."

पण तोवर कुणीतरी व्हिडिओ काढला होता. सोमवारी मालकानं मोबाईल माझ्यासमोर धरला, फ्लेक्सच्या कोपऱ्यातलं दुकानाचं नाव त्यात स्वच्छ दिसत होतं. "अबे, पूरे शहर के लोगां हँस रहे मेरे पे. पिछले हफ्तेइच बोला था ना, एक और गलती हुई तो बोरिया-बिस्तर उठा?"

मी माळ्यावर जाऊन पिशवी भरायला घेतली. आईला काय सांगायचं, तेवढंच डोक्यात. तेवढ्यात खालून बाईंचा आवाज आला.

"चूक त्याचीच आहे. पण त्याच्याजवळ बसून कुणी दाखवलंय का कधी? महिनाभर मी बसते. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय तुमचा एकही फ्लेक्स छापायचा नाही."

"मॅडम, हमारे यहाँ तो सब बर्थडेच रहते."

"मग बर्थडे बघते."

आणि खरंच बसल्या. रोज दुपारी, प्लास्टिकच्या स्टुलावर, गॉगलवाले भावी नगरसेवक वाचत. मला प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लावायच्या.

"हे कार्यसम्राट आहेत?"

"व्हय बाई."

"वय?"

"बावीस."

"बरं. पुढं वाच."

महिन्यानं मालक मला जा म्हणाला नाही. आता मी एकेक प्रूफ तीनदा पाठवतो, गिऱ्हाईक वैतागतं. चौकात मात्र अजून उभा राहिलेलो नाय. फ्लेक्स देतो नि पळतो. मालकाची भीती, पोलिसांची भीती, गावाकडं कुणी आईला फोटो दाखवील ही त्याहून लई मोठी भीती. बाई एकदाही "थांब" म्हणाल्या नाहीत.

बाई, माझ्यापायी तुम्ही महिनाभर नको नको ती माणसं वाचलीत. एका शनिवारी मी सुट्टी मागून येईन, आणि तुम्ही घरी निघेपर्यंत तुमच्या शेजारी फलक धरून उभा राहीन. आज जमत नाय. पण येईन.