दौडराणी छाप

माझी नणंद गुणा पोहायला शिकली ती सदलग्याला, आजोळी, दूधगंगेत. म्हशीचं शेपूट धरून अलीकडनं पलीकडं जायची आणि येताना शेपूट सोडून यायची. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना कुणी उतरू देत नव्हतं. नदीला कुणाला कुलूप घालता आलं नाही, म्हणून ती पोहायला शिकली, असं माझ्या सासूबाई सांगायच्या.

सासूबाईंचं नाव तानीबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. निपाणीच्या वखारीत त्यांनी सव्वीस वर्षं तंबाखू चाळली. संध्याकाळी घरी आल्या की आधी मोरीत जाऊन नाक शिंकरायच्या, आणि तो शेंबूड चहाच्या चोथ्यासारखा तांबडा यायचा. लग्न होऊन आले त्या दिवशी मी तो बघितला आणि जेवले नाही. नंतर मला त्याचं काही वाटेनासं झालं. आता आठवलं की त्या शेंबडापेक्षा माझ्या त्या न वाटण्याचीच शिसारी येते.

गुणा त्या वासातनं बाहेर पडायचं म्हणूनच शिकली असावी. मॅट्रिक झाली, व्यायाम शिक्षकाचा कोर्स केला आणि बेळगावात एका शाळेत पीटीची बाई म्हणून लागली. पिरनवाडीला एक खोली घेऊन एकटी राहायची. पहाटे खानापूर रस्त्यानं पळायची, शाळेला सायकलनं जायची, रविवारी खाणीच्या तळ्यात पोहायची. पळण्याच्या शर्यतीत राज्यात दुसरी आली तेव्हा पेपरात तिचा फोटो आला होता. आत्याबाईंनी तो कापून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चिकटवला.

१९८८ च्या जानेवारीत गोव्यातल्या एका क्लबनं तिहेरी शर्यत ठेवली. समुद्रात दीड किलोमीटर पोहायचं, तसंच ओल्या अंगानं सायकलवर बसून चाळीस किलोमीटर जायचं, आणि उतरून दहा किलोमीटर पळायचं. गुणा सहा महिने त्याच एका ध्यासात होती. अडचण सायकलची होती. तिची सायकल शाळेची, जुनी, लोखंडाच्या ओझ्यासारखी.

माझे मालक, गुणाचे थोरले भाऊ देवाप्पा, एका बिडी कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांनी शेठच्या कानावर घातलं आणि शेठनं मुंबईहून गिअरची सायकल मागवून दिली. गुणा आधी घेईना.

"अण्णा, तंबाखूची सायकल मला नको," ती म्हणाली.

"तुझी फी कशातनं भरली गं आईनं?" हे म्हणाले. "तवा वास आला न्हाय व्हय?"

तिनं सायकल घेतली. सायकलबरोबर एक कागद होता, कारखान्याच्या जाहिरातीसाठी नाव आणि फोटो वापरायला हरकत नाही असा. तिनं तो वाचला, आणि पेपरात एखादी जाहिरात येईल एवढंच समजून सही केली.

शर्यत रविवारी होती. शेठनं मॅटॅडोर दिली, घरच्या सगळ्यांनी जाऊन यावं म्हणून. आत्याबाईंनी जन्मात समुद्र बघितला नव्हता. मी दोन दिवस राबून धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गुणासाठी नाचणीचे लाडू केले. शुक्रवारी सकाळी गाडी दारात आली तेव्हा मागं बसायला जागाच नव्हती. काचांपर्यंत खोकी रचलेली.

"ह्यात काय हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"शेठचा माल. वाटंत द्यायचाय. बसा खोक्यांवरच," हे म्हणाले.

ड्रायव्हर भावकू खिडकीतनं पिंका टाकत गाडी हाणत होता. पिंक वाऱ्यानं उलटी यायची आणि मागच्या काचेवर बसायची. पिरनवाडीला गुणा चढली. आम्ही सायकल टपावर बांधली आणि ती माझ्याशेजारी खोक्यावर बसली. गाडीभर तो वास. बंद काचा, ऊन, आणि खाली हजारो बिड्या. गुणानं पदर नाकाला लावला. मी बाहेर बघत होते.

खानापूरच्या स्टँडवर यांनी गाडी थांबवली. गाडीला एक फलक बांधला, एक खोकं फोडलं आणि उभे राहून बिडीचे कट्टे फुकट वाटायला लागले. बघता बघता गर्दी झाली. गुणा चहा घ्यायला खाली उतरली, आणि एका माणसाच्या हातात तिनं स्वतःला बघितलं.

कट्ट्यावर गुलाबी लेबल होतं. वर अक्षरं, दौडराणी छाप बिडी. खाली पळणारी बाई. पेपरातल्या फोटोवरनं चितारलेली, पण चितारणाऱ्यानं तिला गोरी केली होती, ओठ लालभडक रंगवले होते, छाती फुगवली होती आणि चड्डी वर सरकवली होती. तोंड मात्र गुणाचंच. डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा.

तिनं कट्टा हातात घेतला. स्टँडच्या मागं गेली आणि भिंतीला धरून ओकली. मी पाणी घेऊन मागं गेले.

"वैनी, बघितलंसा?" ती म्हणाली.

मी हो म्हणून मान हलवली. मी ते आठ दिवसांपूर्वीच बघितलं होतं. यांनी लेबलांचा अख्खा कागद घरी आणला होता, एका कागदावर चाळीस गुणा. "तिला आत्ताच सांगू नगंस, शर्यतीच्या तोंडावर डोक्याला ताप कशाला," असं मला म्हणाले होते. आणि मी खाली बसून त्या कागदाच्या कडा कापायला त्यांना मदत केली होती. ते मी तिला त्या भिंतीपाशी सांगितलं नाही.

आत्याबाईंना मात्र आनंद झाला. त्यांनी लेबल डोळ्यांना लावलं. "सव्वीस वर्षं मी त्या वखारीत हुतो, माझं नाव कुणाला ठाऊक न्हाय," त्या म्हणाल्या. "आन माझ्या लेकीचं तोंड छापलं बग त्येनी." गुणानं ते लेबल आईच्या हातात तसंच राहू दिलं. मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात अवघड तेच होतं.

अनमोडला चहाला थांबलो तेव्हा ती भावाशी बोलली.

"अण्णा, हे बंद करा."

"आता कसं बंद हुणार? पाच लाख लेबलं छापून झाल्यात. आन तू सही केलीयास."

"माझ्या शाळंतली पोरं बघतील."

"बघू देत की. नाव हुतंय तुजं. शेठनी दौडराणीचा बनियन दिलाय, पळताना तेवढा घाल. पुढं माझ्या बढतीचं बघतो म्हणालाय त्यो."

असं म्हणून यांनी धपाटं मोडून तोंडात घातलं. चटणी ओठाला लागली होती. नवऱ्याच्या तोंडाकडं बघून इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती. मी जागेवरनं उठले.

घाट उतरताना भावकू प्रत्येक वळणाला गाडी झुकवत होता आणि खोकी आमच्या अंगावर येत होती. मी दोनदा ओकले. गुणानं माझं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या हाताला त्या कट्ट्याच्या खळीचा वास येत होता.

पणजीजवळ एका लॉजच्या दोन खोल्या होत्या. शनिवारी सकाळी गुणा समुद्रात पोहून आली. नदीची पोर ती, खारं पाणी नाकातोंडात गेलं, पण लाटांचा अंदाज आला म्हणाली. मग वाळूत बसून ब्लेडनं सायकलच्या दांडीवरची चिठ्ठी खरवडायला लागली. तिथंही यांनी रात्रीतनं दौडराणी चिकटवली होती. कागद निघाला, पण खाली चिकट राहिलं. त्यावर वाळू बसली, धूळ बसली, काळा थर झाला. ती खरवडत राहिली आणि तो काळा चिकटा तिच्या बोटांना लागत राहिला.

पलीकडं यांनी फलक लावला होता आणि होड्यांवरच्या लोकांना कट्टे देत होते. आत्याबाई कौतुकानं तिथं जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्याबरोबर होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी बघितलं.

एका माणसानं कट्टा फोडला, लेबल सोलून काढलं, त्याच्याकडं बघून शेजारच्याला कोकणीत काहीतरी म्हणाला. दोघं हसले. आम्हाला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. मग त्यानं लेबलाच्या मागं थुंकी लावली आणि ते होडीच्या लाकडावर चापटी मारून चिकटवलं. चापटी नेमकी कुठं मारली ते मी लिहीत नाही. दुसऱ्यानं आपलं लेबल चुरगाळून मासळीच्या घाणीत टाकलं. तिथं आधीची पाचपन्नास पडली होतीच. माशांची आतडी, खवले, त्यावर गुलाबी कागद, आणि कागदांवर निळ्या माश्या बसलेल्या.

आत्याबाई खाली बसल्या. एक लेबल उचललं आणि पदरानं पुसलं. रंग पदराला लागला, तोंड पुसून गेलं. दुसरं उचललं. मग तिसरं. मी त्यांना दंडाला धरून उठवलं तेव्हा त्यांच्या मुठीत आतड्यांनी बरबटलेला तो लगदा होता. त्या यांच्यापाशी गेल्या.

"देवा, हे आवर," त्या म्हणाल्या.

"आये, तुला कळत न्हाय, तू बाजूला हो," हे म्हणाले आणि पुढचं खोकं फोडायला वाकले.

आत्याबाईंना खोकल्याची उबळ आली. बराच वेळ खोकत होत्या. त्यांनी मूठ शेवटपर्यंत उघडली नाही.

रविवारी सकाळी चौदा बायका पाण्यात उतरल्या. बहुतेक मुंबईच्या, दोघी परदेशी. गुणानं शाळेचा निळा पीटी शर्ट आणला होता. शेठचा पिवळा बनियन यांच्या खांद्यावर होता. पाण्यातनं ती सहावी बाहेर आली. सायकलवर बसताना तिचा हात त्या काळ्या चिकट्यावर पडला आणि तिनं तो शर्टाला पुसला, एवढं मला दिसलं. चाळीस किलोमीटर झाल्यावर परत आली तेव्हा तिसरी होती. खरं सांगायचं तर ती त्या सायकलीमुळं तिसरी होती. हे तिलाही ठाऊक होतं. पुढं बरीच वर्षं ती म्हणायची, "वैनी, ज्याची घाण वाटती तेच्यावरच बसून मी पुढं गेलतो."

पळताना ऊन चढलं. शेवटच्या टप्प्यात मुंबईची एक पोरगी तिला ओलांडून गेली. गुणा चौथी आली. रेघ ओलांडून दहा पावलं गेली आणि वाळूत गुडघ्यांवर पडून ओकली. नुसतं पिवळं पाणी.

तेवढ्यात हे फोटोवाल्याला घेऊन आले. हातात बनियन.

"गुणा, फोटोपुरता घाल. दोन मिनिटांचं काम हाय."

गुणानं वर बघितलंसुद्धा नाही. आत्याबाईंनी हात पुढं केला. यांना वाटलं आई तो तिच्या अंगात घालणार, म्हणून त्यांनी बनियन दिला. आत्याबाईंनी त्यानं गुणाचं तोंड पुसलं. मग हनुवटीखालचं ओकलेलं पुसलं. मग तिचे बूट काढून वाळूचे, रक्ताळलेले पाय पुसले. सावकाश, एकेक बोट. आणि बनियनची घडी घालून तो यांच्या हातात परत दिला.

"घे. दे तुज्या शेठला," त्या म्हणाल्या.

फोटोवाला निघून गेला.

गुणानं शेठची सायकल स्वतः टपावर बांधून परत दिली. मायलेकी बसस्टँडकडं चालत निघाल्या. गुणानं मला विचारलं, "वैनी, येतासा?" माझी पिशवी गाडीत होती, नवरा गाडीत होता. मी गाडीत बसले. परतीच्या वाटेला खोकी रिकामी झाली होती, जागा भरपूर होती, आणि मला कुठंही टेकवत नव्हतं.

दौडराणी दोन वर्षं विकली गेली. निपाणीत, बोरगावात, बेळगावच्या प्रत्येक पानपट्टीवर. गुणाच्या शाळेच्या फाटकासमोरच एक टपरी होती. वरच्या वर्गातली पोरं तिला पाठीमागं बिडीबाई म्हणायची. एका पोरानं लेबल फळ्यावर चिकटवलं. तिनं ते काढलं, खिशात ठेवलं आणि कवायत घेतली. वकिलाकडंही गेली होती. त्यानं सहीचा कागद बघून नाही म्हणून मान हलवली. शेवटी बिडी खपेना म्हणून शेठनंच छाप बदलली आणि पोपट आणला. कुणाला लाज वाटली म्हणून नव्हे. यांना बढती मिळाली.

लेबलं मी आधीच बघितली होती, हे मी गुणाला शर्यतीच्याच वर्षी उन्हाळ्यात सांगितलं. पिरनवाडीच्या तिच्या खोलीत आम्ही दोघी कांदे चिरत होतो.

"मला ठाऊक हुतं," ती म्हणाली. "गाडीत चढलो तवा तुमी माझ्याकडं बघितलं न्हाईसा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी कवा सांगतासा बघत हुतो."

तिनं चिरलेला कांदा कढईत टाकला. मला जेवायला वाढलं. मी जेवले.

पुढच्या जानेवारीत ती पुन्हा गोव्याला गेली. शाळेची तीच जुनी सायकल घेऊन, बसच्या टपावर टाकून. नववी आली. या खेपेला मी बरोबर होते. पाण्यातनं ती बाहेर येईपर्यंत तिचे बूट हातात धरून वाळूत उभी होते. आत्याबाईंना यायचं होतं, पण दम लागून त्यांना जिना चढवत नव्हता.

परत आल्यावर यांनी विचारलं, कुठं गेलतीस. मी सांगितलं. ते म्हणाले, मला विचारायचं तरी. मी त्यांचं ताट वाढलं आणि माझं घेऊन आत्याबाईंच्या खाटेपाशी जाऊन बसले. तेव्हापासून मी तिथंच जेवायला लागले. आत्याबाई गेल्या तरी जागा बदलली नाही.